कोंडा म्हशीला, तांदूळ मला

१२ नोव्हेंबर

शहापूरहून साडेतीनला परत. भाताच्या हंगामात गिरण दिवसभर बंद, असं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. दारात पाच गोण्या येऊन पडलेल्या. ओळखीसाठी ज्याने त्याने आपली चिंधी गोणीच्या तोंडाला बांधून ठेवली आहे.

रिपोर्ट उतरवून ठेवतो. कागद हरवतात, वही हरवत नाही.

एसजीपीटी ९२. (यकृताचा आकडा, चाळीसच्या आत हवा.)
एसजीओटी ६१. (हाही यकृताचाच.)
सीआरपी ८.४. म्हणजे अंगात सूज आहे, बाहेरून न दिसणारी.
मॅग्नेशियम १.२. (१.७ ते २.२ हवं.)
सोनोग्राफी : यकृतावर चरबी, ग्रेड दोन.

मॅग्नेशियम तपासलं ते पोटरीमुळे. मागच्या महिन्यात दोनदा पेटका येऊन तांदूळ पांढरा करणाऱ्या पॉलिशरजवळ खाली बसलो, पट्ट्यापासून हातभर अंतरावर. डावी पापणीही फडफडते. मॅडमना (ठाण्याहून दर पंधरवड्याला बुधवारी येतात, पोटाच्या डॉक्टर) हे सगळं तारखांसकट सांगितलं. म्हणाल्या, असे पेशंट मिळत नाहीत.

मग तेच.

"दारू?"
"नाही."
"कधीतरी?"
"नाही."
"लग्नात, हळदीला?"
"मॅडम, हळदीला अख्ख्या गावाच्या मोटारसायकलींच्या चाव्या माझ्याकडे ठेवायला देतात. का, ते विचारा कोणालाही."

हसल्या. मग, दुसरी कुठली औषधं, गोळ्या? म्हटलं, गोळी म्हणून घेत नाही. बावन्न वर्षांत नाही. सु. (बायको, सुनंदा) मध्येच काहीतरी बोलायला गेली. तिला म्हटलं, तू थांब, मी सांगतोय ना.

मुदत तीन महिने. वजन उतरवा, साखर तोडा, मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्या. आकडे उतरले नाहीत तर ठाण्याला जाऊन यकृतात सुई घालून तुकडा काढायचा आणि तपासायचा.

माझ्या अंगातला तुकडा कोणी काढणार नाही. जळलेली मोटर मी स्वतः बांधायला शिकलो, कोणाच्या हाताखाली न बसता. हे तर माझंच यंत्र आहे. तीन महिने पुष्कळ.

१३ नोव्हेंबर

पहाटे पाच. कोमट पाणी, अनशापोटी ॲसिडिटीची पिवळी, बरोबर पंधरा मिनिटांनी चहा. नऊ वर्षांचा शिरस्ता. मग वाचायला बसलो.

पुतणीची बारावीची पुस्तकं, फोन, डिक्शनरी. साडेआठपर्यंत एवढं कळलं :

मॅग. अंगात शेकडो कामांना लागतं. साखर पेशीत नीट जाण्यासाठी लागतं. ते कमी पडलं की साखर भलतीकडे वळते, तिची चरबी होते, ती यकृतात साठते. अशा माणसांत आतली सूजही जास्त सापडते. सूज यकृताला आणखी खाते. रक्तात मॅग. अगदी थोडं असतं, बाकी हाडांत आणि स्नायूंत. म्हणजे रक्तात कमी दिसलं तर कोठार कधीपासून रिकामं होत असेल.

माझ्या भाषेत : बेअरिंगमधलं ग्रीस. ग्रीस संपलं तरी यंत्र त्याच क्षणी बंद पडत नाही. आधी तापतं. तापलेलं हाताला कळतं, पण हात लावतो कोण.

आता खरी गंमत. मॅग. कशात असतं, ते वाचलं. पालेभाजी, डाळी, वाल, तीळ, नाचणी. आणि तांदळात सालीखालच्या थरात. म्हणजे कोंड्यात.

वही मिटून गोठ्यात गेलो. म्हैस उभी, अंगावर बोट फिरवलं तर घसरावं अशी. एकोणीस वर्षं मी तांदळाचा कोंडा काढतोय आणि हिच्यापुढे टाकतोय. स्वतः पांढरा भात खातोय, तोही तीन पाण्यांत धुऊन, वरची पेज काढून. पेजसुद्धा हिलाच.

सु. म्हणाली, "तिच्याकडं काय बगताव असं? तिनं काय केलं?"

म्हटलं, माझं लिव्हर हिच्या पोटात आहे.

"सकाळी सकाळी काय बोलाल त्याचा नेम नाय."

१७ नोव्हेंबर

गिरणीतला लहान काटा स्वयंपाकघरात आणला. आजपासून सगळं वजन करून. भात शिजवलेला १८० ग्रॅम, वालाची उसळ १२०, माठाची भाजी १००, नाचणीची भाकरी एक, ६५. भोपळ्याच्या बिया मुठीने नाही, १५ ग्रॅम.

चहा मोजला तेव्हा जरा चपापलो. गिऱ्हाईक आलं की चहा, त्यांच्याबरोबर मी. दिवसाला सात कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. आता दोन कप, बिनसाखरेचे. मॅडमनी दिलेल्या मॅग.च्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. त्या औषध म्हणून घेतो, त्यामुळे वहीत वेगळा रकाना.

भात मात्र स्वतःचा. शेलरवर फक्त टरफल काढलं, पॉलिशरला दाखवलाच नाही. लालसर तपकिरी दाणा, अंगावर कोंडा शाबूत. सु.ने नेहमीच्या पाण्यात नेहमीच्या तीन शिट्ट्या केल्या. खडे. मुकाट्याने खाल्ला. ती म्हणाली, "दात आधी तपासून आनायचे होते."

उद्यापासून सहा तास भिजत घालायचा. पाणी अडीचपट.

२२ नोव्हेंबर

आज चूक झाली. कबूल.

आमच्या गिरणीच्या दाराला काळं फडकं टांगलेलं असतं. मूठभर तांदूळ त्यावर घासायचा. भुरकट धूळ उरली तर आणखी एक फेर. फडकं कोरं राहिलं की गोणी शिवायची. पंचक्रोशीत माझ्या गिरणीचं नाव त्या फडक्यावर आहे. शेणव्याहून माणसं वाटेतल्या दोन गिरण्या सोडून येतात.

त्या शेणव्याचीच बायजाकाकी. नातीच्या साखरपुड्याचा तांदूळ आणलेला, नवा कोलम. ती झाडाखाली बसली होती. तिला न विचारता मी पॉलिशरचा फक्त हलका एक फेर दिला. मनात म्हटलं, नवं घर जोडताय, बळ असलेला तांदूळ खा.

काकी उठली, मूठ घेतली, फडक्यावर घासली. फडकं पीठ सांडल्यासारखं.

"मधू, ह्यो तांदूळ हाय का गुरांचं खाद्य?"
"काकी, सगळं सत्त्व ह्या सालीतच असतं. यकृताला..."
"सत्त्व तुज्या लिवरात घाल रे बाबा. माज्या पावन्यांना पांढरा भात पायजे. उद्या बोलतील, पोरीच्या घरी भात धुवायला पानी नाय."

पुन्हा दोन फेर दिले. फडकं कोरं. जाताना म्हणाली, "आजारी तू, नि पथ्य गावाला?"

तिचं बरोबर. दुसऱ्याच्या गोणीवर माझा प्रयोग करायचा नव्हता. आजपासून विचारून. ज्याला हवा त्याला कोंड्याचा, ज्याला नको त्याला पांढरा.

३० नोव्हेंबर

दिनकर आला. सु.चा भाऊ, टोकावड्याला रस्त्यावर धाबा आहे. धाब्यावर जे मिळतं ते सगळं स्वतः चाखून मग गिऱ्हाइकाला देतो, प्यायचंसुद्धा.

"दाजी, आयकलं ते खरं काय? लिवर?"
"चरबी आहे."
"आनि आमाला पंचवीस वर्षं कीर्तन ऐकवलं."

पुढे कळलं की गेल्या आठवड्यात आरोग्य शिबिरात त्यानेही रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट खिशातच होता, आणलाच होता दाखवायला. एसजीपीटी २७.

"बघा. नवीन टायरासारखं हाय माजं."

मी तीनदा वाचलं. नाव त्याचंच, वय त्याचंच. जेवायला बसला, कोंड्याचा भात बघून म्हणाला, "ताई, मला माणसांचा वाढ गो."

काल सापगावच्या थांब्यावरही एकाने अंगठा तोंडाकडे नेऊन विचारलं, मधूशेठ, कधीपासून? उत्तर १२ फेब्रुवारीला कागदावर देईन.

८ डिसेंबर

वजन ७९.४. सुरुवात ८२.१. रोज पहाटे, पाण्यानंतर आणि पिवळीनंतर, चहाच्या आधी. वेळ बदलली की आकडा खोटा.

पेटके : मागच्या तीन आठवड्यांत चार. त्याआधीच्या तीन आठवड्यांत पाच होते. म्हणजे कमी आहेत. पापणी चालूच.

घरामागच्या शेताच्या तुकड्यात हरभरा टोकला होता, साळुंक्या कोंब उपटतात. दरवर्षीप्रमाणे चमचमती माळ बांधली. गोळ्यांची रिकामी पाकिटं सुतळीला, दर वीतभर अंतरावर एक. सु. ती वर्षभर डब्यात जमवते, मी बांधतो. वारा आला की अख्खी माळ चमकते, पाखरू बसत नाही. गावातल्या कोणाच्या शेतात अशी माळ नाही. लोकांची प्लॅस्टिकची फडकी असतात, ती दोन दिवसांत पाखरांच्या ओळखीची होतात.

बांधून झाल्यावर सु. बांधाला उभी राहून माळेकडे बराच वेळ बघत होती. विचारलं, अंतर चुकलंय का? म्हणाली, "अंतर बरोबर हाय."

१६ डिसेंबर

भात आता मऊ शिजतो. सहा तास भिजवण, अडीचपट पाणी, मंद आच. सु.नेही कालपासून तोच घ्यायला सुरुवात केली. "दोन भांडी कोण घासनार?" असं कारण दिलं.

तीन गिऱ्हाइकांनी हलक्या फेराचा तांदूळ मागून नेला. एक शिक्षक, एक साखरेचा पेशंट, तिसऱ्याला नुसती उत्सुकता.

बुधवारी आठ दिवसांनी मधली तपासणी. माझा अंदाज : एसजीपीटी ६०, सीआरपी ५, मॅग. १.८. आधीच लिहून ठेवतो, मागाहून कोणी म्हणू नये.

२४ डिसेंबर

एसजीपीटी ८१.
सीआरपी ८.१.
मॅग. १.३.
वजन ७८.६.

एकही अंदाज बरोबर नाही. वजन साडेतीन किलोने उतरलं, साखर बंद, सदतीस दिवस तोलून मापून खातोय, वर गोळ्या. एवढं करून मॅग. १.२ चं १.३.

मॅडमनी माझी वही पान पान बघितली. "एवढं पोटात जातंय तर रक्तात जायला हवं होतं. कुठेतरी गळतंय, नाहीतर आत शिरतच नाहीये." जुलाब? नाही. लघवीची तपासणी लिहून दिली. "खरंच दुसरी कुठलीही गोळी नाही ना?" म्हटलं, मॅडम, ह्या वहीत नाही ते माझ्या तोंडात गेलेलं नाही.

सु. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मॅडम म्हणाल्या, फेब्रुवारीपर्यंत बघू. पण ठाण्याची मनाची तयारी ठेवा.

येताना बसमध्ये दोघं शेजारी. सापगावपर्यंत मी वहीचीच पानं उलटत होतो.

२५ डिसेंबर

हे नीट लिहायला हवं.

दुपारी गिरण थांबवली. गोण्यांवर दोन्ही रिपोर्ट मांडले. यंत्र बिघडलं की मी एका टोकापासून तपासत जातो. भात पडतो कुठे, शिरतो कुठे, अडतो कुठे. तसं केलं. भिजवण बरोबर, वजन बरोबर, गोळ्यांची वेळ बरोबर. बिघाड सापडेना. मग जे आजवर केलं नाही ते केलं. सु. अंगणात कणी पाखडत होती. तिला म्हटलं, माझं चुकतंय कुठे, सांग.

सूप थांबलं. "सांगू?"
"सांग."
"मग बोलाल, तू थांब."
"नाही बोलणार."

तिने सूप खाली ठेवलं आणि मागच्या तुकड्याकडे हात केला. "ती माळ कशाची?"
"पाखरांची."
"पाखरांची नाय. त्या पाकिटांतलं काय पाखरांनी खाल्लं?"

वारा होता. सगळी माळ एकदम चमकली.

म्हटलं, अगं, ती ॲसिडिटीची. ती काय गोळी आहे?

"मंग काय हाय? शेंगदाना? मला नाय ठाव ती काय करते नि काय नाय. पन डॉक्टरनीनं इचारलं, गोळी घेता का. मी बोलायला गेली. तुमी बोल्ला थांब. मी थांबली."

"आणि नंतर दीड महिना?"

"एकदा ताट वाढताना काडली गोष्ट, तवा बोल्ला, ग्रॅम चुकवू नको. कालपन वाटलं, बोलावं. पन मॅडमसमोर तुमी बोल्ला, वहीत नाय ते तोंडात गेलं नाय. चार मानसांत तुमाला खोटं कसं पाडू?"

माळेशी जाऊन पाकिटं मोजली. चोवीस. दर पाकिटात पंधरा. तीनशे साठ. एका वर्षाच्या. दर वीतभर अंतरावर, माझ्याच हाताने बांधलेल्या.

नऊ वर्षांपूर्वी पोटात आग पडायची तेव्हा मुरबाडच्या डॉक्टरांनी चौदा दिवस घ्या म्हणून लिहिली होती. ती चिठ्ठीही सापडली, मी कागद टाकत नाही. चौदा दिवस, स्वच्छ अक्षरात. पंधराव्या दिवशी बरं वाटत होतं, म्हणून चालू ठेवली.

फोनवर शोधलं, या वेळी योग्य प्रश्न विचारून. पोटातलं ॲसिड कमी करणाऱ्या ह्या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर काही माणसांत आतड्यातून मॅग. आत शिरायचंच कमी होतं. मग वरून कितीही घाला. दार बंद, आणि मी गोण्या दारात रचतोय.

वहीत पिवळीचा उल्लेख आहे. दर पानावर. "पाणी, पिवळी, चहा." वजनाची वेळ अचूक पडावी म्हणून लिहिली होती. गोळ्यांच्या रकान्यात मात्र एकदाही नाही. मॅडमनीही वाचलं असेल, पिवळी म्हणजे त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. हळद वगैरे.

२६ डिसेंबर

पिवळी बंद. एका फटक्यात. उरलेली दोन पाकिटं म्हशीच्या गोठ्यामागे खड्डा करून पुरली. मला एकदा कळलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

२८ डिसेंबर

छातीपासून घशापर्यंत निखारे. नऊ वर्षांपूर्वी होतं त्याच्या दुप्पट. ताक घेतलं, आणखी भडकलं. गोणी उचलायला वाकलो की आंबट पाणी तोंडात.

सहन करायचं. शरीराला सवय लागेल.

२९ डिसेंबर

सकाळी तांदळाची पेज, तीही थंड. उभ्या उभ्या. बसलं की जळतं.

सु.ने मला न विचारता दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडरने मॅडमना जोडून दिला. मी दारातून ऐकतोय. "नाय मॅडम, ते सांगनार नायत, म्हनून मी सांगते. नऊ वर्षं. रोज. हो, अनशापोटी. आता एकदम सोडलीय, नि मोरासारखी मान वर करून फिरतायत."

फोन ठेवून माझ्याकडे वळली. एकदम सोडायची नसते. पोट दुप्पट ॲसिड सोडतं. अर्ध्या ताकदीची आणून दिवसाआड घ्यायची, बुधवारी सात तारखेला यायचं, तिथे पुढचं ठरेल. मध्ये स्वतःचं डोकं चालवायचं नाही. "हे शेवटचं मॅडमनी दोनदा सांगितलं."

अर्ध्या ताकदीची आणली. गोळ्यांच्या रकान्यात लिहिली.

७ जानेवारी

मॅडम : "पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी."
"मी खोटं बोललो नाही. मला ती गोळी वाटत नव्हती."
"मग काय वाटत होतं?"
"चहाचा भाग."

सु. तोंडाला पदर लावून हसली. मॅडम हसल्या नाहीत. लघवीचा रिपोर्ट बघितला, तिथून मॅग. गळत नव्हतं. म्हणाल्या, त्यांच्याकडे येणाऱ्यांत अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि गोळी वाईट नाही. ज्याला खरी गरज आहे त्याने घ्यायचीच, कोणाचं ऐकून बंद करायची नाही. मला गरज चौदा दिवसांची होती. आता दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग बंद. जेवण झाल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही.

माझा हिशेब मी त्यांना सांगितला. पिवळीने मॅग. गेलं, मॅग. गेल्याने सूज आली, सुजेने यकृत बिघडलं. सरळ रेघ.

"इतकी सरळ नाही," म्हणाल्या. "मॅग्नेशियम कमी, सूज आणि चरबीचं यकृत, तिन्ही एकत्र सापडतात हे खरं. पण कोणामुळे कोण, हे अजून पक्कं सांगता येत नाही. तुमचं वजन होतं, सात कप चहाची साखर होती. चरबी आली म्हणूनही मॅग्नेशियम घसरलं असेल."

म्हणजे पट्टा फिरतोय म्हणून पुली, की पुली फिरतेय म्हणून पट्टा.

"हो, तसंच. आपण दोन्हीवर काम करतोय. मॅग्नेशियम वर येईल असं मला वाटतं. यकृत ऐकेलच, असा शब्द मी देत नाही."

सुईचं काय? सुई तिथेच आहे. १२ फेब्रुवारी.

दिनकरचा २७ आकडा सांगितला. म्हणाल्या, त्याचं आज चांगलं आहे, एवढंच त्या कागदात लिहिलंय.

उठताना मीच म्हटलं, मॅडम, पुढच्या वेळी काही विचारायचं असलं तर आधी हिला विचारा.

१० जानेवारी

म्हसा गावची जत्रा. दिनकरने गाडी काढली. बैल बघितले, दोन सुपं आणि एक विळा घेतला. तळलेल्या भज्यांच्या वासात पाऊण तास चालणं हे काम आहे. तीळ-गुळाची एक वडी खाल्ली, अंदाजे १८ ग्रॅम, काटा नव्हता.

दिनकरला माळेची गोष्ट सु.ने सांगितली. गाडी बाजूला घेऊन हसला. मग म्हणाला, "दाजी, मीपन घेतो ती. धाब्यावर डबाच ठेवलाय. गिऱ्हाईक मागतात, देतो. बडीशेपेसारखी." माझ्याकडे बघून, "घेऊ नको काय?"

म्हटलं, मी सांगणार नाही. डॉक्टरला विचार. आणि विचारतील तेव्हा ती गोळी आहे असं सांग.

मला कोणी असं उत्तर दिलं असतं तर पटलं नसतं. त्याला पटलं.

१९ जानेवारी

पिवळी दोन दिवसांआड, अर्धी. जळजळ आहे, पण मुठीत धरता येईल एवढी. पेटका शेवटचा ६ तारखेला. तेरा दिवस झाले. पापणी गेल्या शुक्रवारपासून स्थिर. आज लक्षात आलं की मी तिच्याकडे लक्ष द्यायचं विसरलो.

वजन ७६.९.

हरभऱ्याची माळ सोडायची का, असं सु.ने विचारलं. नको म्हटलं. पाखरांना ती अजून घाबरवते, मला तर जास्तच.

२६ जानेवारी

पिवळी बंद. शेवटची २३ ला घेतली. या वेळी खड्डा केला नाही.

रकाना मोकळा राहिला तर वहीचं पान विचित्र दिसतं. त्यात रेघ मारली.

३ फेब्रुवारी

बायजाकाकी आली. साखरपुडा झाला, लग्न वैशाखात. सोबत दोन गोण्या. पहिली टाकताना म्हणाली, "ही पांढरी. लग्नाची." दुसरीवर हात ठेवून जरा थांबली. "आनि ही त्या तुज्या गुरांच्या खाद्यासारखी कर."

"का गं काकी?"

"म्हाताऱ्याची साखर वाढलीय. दवाखान्यात बोल्ले, पांढरा भात कमी करा. मी बोल्ली, आमचा मधू तेच सांगत होता, मीच त्याला झाडला."

दोन्ही भरडून दिल्या. पांढऱ्याला फडकं लावलं, कोरं. दुसऱ्यालाही तिने सवयीने घासलं. फडक्यावर भुरकट पट्टा उठला. बोटाने पुसून जिभेला लावला आणि म्हणाली, "गोड हाय की रे."

एकोणीस वर्षं फडकं टांगलंय. कोणी चाखून बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तिला सांगितलं, म्हाताऱ्याला नुसत्या तांदळाने होणार नाही. कुठल्या कुठल्या गोळ्या घेतो ते सगळं डॉक्टरला दाखव. ज्या तो गोळ्या समजत नाही त्या आधी.

१२ फेब्रुवारी, सकाळ

साडेसातला शहापूर, उपाशीपोटी. रक्त दिलं. तीन नळ्या. रिपोर्ट पाचनंतर फोनवर येणार, मॅडम अठराला बघणार.

वजन ७५.८. पेटका नाही, ३७ दिवस. जळजळ आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही उशिरा जेवलो तर.

या वेळी अंदाज लिहीत नाही. मॅग. वर आलं असणार, हे अंग सांगतंय. यकृत बोलत नाही. ते ९२ ला असतानाही काही म्हणालं नव्हतं.

ठाण्याला जावं लागलं तर जाईन. हे नोव्हेंबरात लिहिलं नसतं. यंत्र उघडल्याशिवाय आतलं कळत नाही, हे मी लोकांना रोज सांगतो, आणि स्वतःचं उघडायची वेळ आली तेव्हा तीन महिने दाराला आडवा उभा राहिलो. अर्थात वेळ येऊ नये. आणि येणार नाही, असं मला वाटतं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

पाच वाजून चाळीस. पॉलिशर चालू होता, फोन टेबलावर थरथरला. लॅबचं नाव. शिक्षकांची गोणी अर्धी झालेली. मध्ये थांबवला तर अर्धे दाणे एका रंगाचे, अर्धे दुसऱ्या. पूर्ण केली, फडकं लावलं, गोणी शिवून दिली. मगच मोटर बंद.

सु. दारात उभी. "आला काय?"

आलाय.

"मंग बघा की."

मी उघडणारच होतो. बोट काचेवर टेकलंही होतं. मग फोन तिच्यापुढे धरला. म्हटलं, तू वाच. आधी मॅग., मग एसजीपीटी, मग सीआरपी. मोठ्याने वाच. मी मध्ये बोलणार नाही.

तिने फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला. "बारीक लिवलंय मेल्यांनी," म्हणाली, आणि चष्मा शोधायला आत गेली.

फोन तिच्याच हातात आहे. आतून डबे सरकवल्याचा आवाज येतोय. चष्मा फडताळात वरच्या फळीवर आहे, मिठाच्या बरणीमागे. मला माहीत आहे, पण सांगत नाही. तोवर एवढं लिहून घेतो. ती आली की वही मिटून फक्त ऐकायचं.